उजनीचा काठ, गळ आणि पाण्याखालची विहीर

काठावरचा:

दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, की पुण्याहून पहाटे निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येईल अशी गोड्या पाण्यातल्या मासेमारीची जागा कोणती. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

जागा उजनी धरण. सोलापूर रस्त्याने भिगवण मागे टाकलं की डावीकडे पाणी साथ द्यायला लागतं. पळसदेवच्या आसपास माझं आजोळ. नेमका काठ सांगणार नाही, कोणताच गळवाला सांगत नाही. पण तो कसा शोधायचा ते सांगतो, कारण खरी गंमत त्यातच आहे.

उजनीचा काठ एका जागी नसतो. धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. पातळी त्याच्या वर असली की प्लस, खाली गेली की मायनस. म्हणून आमच्याकडे धरणाची बातमी प्लस-मायनसमध्ये चालते. 'उजनी प्लसमध्ये आली' म्हणजे उसाला पाणी, 'मायनसमध्ये गेली' म्हणजे मोटारी पुढे सरकवा. २०२४ मध्ये ती जानेवारीतच मायनसमध्ये गेली आणि उन्हाळ्यात उणे ५० टक्क्यांच्याही खाली उतरली. त्या वेळी एरवी पाण्याखाली असलेलं पळसनाथाचं जुनं देऊळ बघायला गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. गळवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की दिवाळीत जिथे बसून मासे काढले ती जागा होळीला पाण्यापासून अर्धा किलोमीटर लांब, भेगा पडलेल्या गाळात असते. काठ पाठ करून उपयोग नाही. तळ माहीत पाहिजे.

तो आमच्या मामाला माहीत आहे, कारण तळ त्याचा आहे. धरण पूर्ण झालं १९८० ला. त्याआधी त्याने त्याच जमिनीवर बैल हाकले. आता गाव वरच्या अंगाला आहे आणि रान खाली पाण्यात.

तर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी साडेपाचला दारात हजर. हातात नवा कार्बनचा रॉड, डोक्याला बॅटरी. मामा चुलीपुढे चहा घेत बसलेला. म्हणाला, "एवढ्या अंधारात कुठं निघालास? दिवस कासराभर वर येऊ दे. तवर ते खात न्हाईत." सगळे व्हिडिओ सांगतात पहाटेची वेळ उत्तम, आणि हा चहाचा दुसरा कप भरतोय. शेवटी साडेसहाला खाली उतरलो.

उतरताना पायाखाली बघत चालावं लागतं. पाणी मागे सरकलं की शेतकरी मोटारी पाण्यामागे नेतात, त्यामुळे काठभर पाइप आणि केबल पसरलेल्या असतात. ओल्या गाळात जोड दिलेल्या केबलीवर पाय पडला तर मासे राहतील बाजूला. मामाने माझा रॉड हातात घेऊन विचारलं, "ह्यात करंट येतो का?" येतो. कार्बन फायबरमधून वीज जाते. वरून तारा गेल्या असतील तिथे असा रॉड उभा धरून चालू नये. माझ्या रॉडच्या माहितीपत्रकात ही सूचना अगदी शेवटी, बारीक अक्षरात आहे.

वाटेत गाळात परातीएवढे गोल खळगे दिसत होते, एकाला लागून एक, जणू कोणी मुद्दाम मांडलेत. ती चिलापी (तिलापिया) माशाची घरटी. नर तोंडाने आणि शेपटीने तळ उकरून खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पुढचे दहा-बारा दिवस ती जवळजवळ उपाशीच. पाणी उतरलं की वसाहत उघडी पडते. असे खळगे जिथे संपतात त्याच्या पुढचं पाणी बघायचं, हा पहिला धडा.

दुसरा धडा बसायच्या जागेचा. मला वाटलं होतं मामा पाण्याकडे बघून जागा ठरवेल. तो पाण्याला पाठ करून उभा राहिला. मागच्या टेकाडावरची पाण्याची टाकी आणि तिच्या खालचं लिंबाचं झाड एका रेषेत येईपर्यंत उजवीकडे सरकला. मग वळून पलीकडच्या काठावरचा वड धरला. "हितनं सरळ टाक. थोरली हीर हाय. तिच्या उगवतीला बांध, बांधाला बाभळी व्हत्या. तोडून नेल्या, पन बुडकं ऱ्हायली. बुडक्यात टाकू नको, तुटंल."

विहीर केव्हाच गाळाने भरली असणार, पण वरचं दगडी बांधकाम आणि बांधाचे दगड अजून आहेत. सपाट चिखलाच्या तळावर दगड म्हणजे माशांचा बाजार. दगडाला शेवाळ धरतं, शेवाळात गोगलगायी आणि झिंगे, त्यांच्यामागे मासे, आणि उन्हाला आडोसा. उजनीच्या तळाशी अशी शेकडो रानं आहेत. विहिरी, बांध, ताली, जुने रस्ते, ओढ्याची वळणं. ज्यांनी ती कसली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

साहित्य साधंच. मामाकडे वेळूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), चिमूटभर शिसं आणि तरंगायला ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा. त्या चिपाडावर मी हसलो नाही, कारण ते माझ्या विकतच्या प्लास्टिकच्या फ्लोटपेक्षा हलकं आहे आणि चिलापी नुसती हुंगून गेली तरी थरथरतं. आधी चारा टाकला. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि काठावरचीच माती, पाणी लावून लाडू. माती अशासाठी की लाडू तळापर्यंत अखंड जावा. चार-पाच लाडू विहिरीच्या अंगाला टाकले आणि अर्धा तास काहीच नाही. पाणकावळ्यांचा थवा लांबून बुड्या मारत आला आणि पुढे गेला.

साडेसातच्या पुढे ऊन पाण्यावर तिरपं पडलं आणि फ्लोट हलायला लागले. आधी चिलापी. गांडुळाचा इंचभर तुकडा आठ नंबरच्या गळाला. चिलापी टुकटुक करते, मग एकदम तिरपी ओढते. हाताएवढ्या सहा-सात निघाल्या. पाठीवरचे काटे खाली दाबून धरायचं, नाहीतर तळहाताची चाळण होते.

मग मामाने मला गांडूळ काढून कणिक लावायला सांगितली, पेंडीत मळलेली, आणि गळ थेट तळाला टेकवायला लावला. वीसेक मिनिटांनी फ्लोट बुडायच्या ऐवजी वर आला आणि आडवा झाला. मी बघत बसलो. मामा ओरडला, "ओढ की!" सायप्रनस (कॉमन कार्प) तळाला तोंड लावून खातो. आमिष उचलताना शिसंही उचलतो, त्यामुळे फ्लोट बुडत नाही, उताणा पडतो. ओढला आणि रीळ किरकिरायला लागलं. पहिली धाव थेट बाभळीच्या बुडक्यांकडे. इथे ताकद लावून थांबवायचा नाही, रॉड आडवा धरून बाजूला वळवायचा. दोनदा काठाजवळ येऊन परत गेला. तिसऱ्यांदा मामा गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने गोणपाटावर घेतला. घरी ताणकाट्यावर सव्वातीन किलो भरला.

दहाला पश्चिमेचा वारा सुटला, पाण्यावर लाटा आल्या, फ्लोट दिसेना. उठलो. एवढीच सकाळ. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मामाच्या वतीने उत्तरं देईन.

लिंबोणी:

मस्त धागा. मला मासे फक्त ताटात कळतात, तरी शेवटपर्यंत वाचलं. 'कासराभर' किती वर्षांनी वाचला! पण पहाटे का खात नाहीत ते नाही सांगितलंत. सगळीकडे तर पहाटेच जा म्हणतात.

मत्स्यजीवी:

याचं उत्तर मी देतो, विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. उजनीचं पाणी हिरवं आहे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून तिथे पोचतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसतं. दिवसा ते शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री सोडत नाही, उलट माशांसारखंच वापरतं. त्यामुळे अशा पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्योदयाच्या थोडा आधी. फार कमी झाला की मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. लोकांना वाटतं मासे वर आले, आता लागतील. लागत नाहीत, कारण त्यांना खाण्याची नाही, श्वासाची पडलेली असते. ऊन पडून तास-दीड तास झाला की पाणी सुधारतं आणि भूक लागते. स्वच्छ, थंड पाण्याच्या धरणांवर पहाटेचा नियम चालतो. मुळशीला चालेल. उजनीला मामांचं घड्याळ बरोबर.

मरळ मात्र याला अपवाद. ती हवेतून श्वास घेऊ शकते, दर थोड्या वेळाने वर येऊन घोट घेतेच. तिला पहाटेचं वावडं नाही.

गरवणारा:

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीत गरवणारे. भरती-ओहोटीचं गणित डोक्यात बसलेलं, त्यामुळे साचलेल्या पाण्यासमोर बसलं की काय बघायचं तेच कळत नाही. उजनीत एकदा बसलो होतो मित्राबरोबर, डिकसळच्या जुन्या पुलाच्या अलीकडे. हाती लागली ती नुसती चिलापी. लागते चिक्कार, पण लढाई नाही. मोठा मासा हवा तर काय करायचं?

काठावरचा:

@मत्स्यजीवी, धन्यवाद. मामाला वाचून दाखवलं. म्हणाला, "त्येच तर मी सांगत हुतो."

@गरवणारा, चिलापी टाळायची तर गांडूळ बंद करा आणि आमिष मोठं करा. लिंबाएवढा कणकेचा गोळा चिलापीच्या तोंडात जात नाही, ती टोचत बसते आणि कंटाळते. दुसरं म्हणजे खोली. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंड बघा, खालचा ओठ पुढे आलेला, वर वळलेला. रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रनस तळाला. सगळ्यांसाठी एकच फ्लोट एकाच उंचीला लावून बसलो तर चिलापीच येणार, कारण ती सगळीकडे आहे. आणि डिकसळच्या पुलाखाली जुनं नदीपात्र आहे, खोल. तिथे फ्लोट लावू नका, तळाचा गळ टाका.

पक्षीवेडी:

मी उजनीला दर हिवाळ्यात जाते, पण दुर्बीण घेऊन. रोहित, पट्टकदंब, चित्रबलाक. इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांची वीण बघण्यासारखी असते. गळवाल्यांबद्दल माझी एकच तक्रार आहे. तुटलेलं तंगूस तिथेच सोडून जातात. पायात नायलॉन गुंडाळलेला शेकाट्या मी बघितला आहे, सोडवायला जावं तर आणखी पाण्यात जातो. मासा पकडा, पण दोरा घरी न्या.

बागायतदार_करमाळा:

पक्ष्याचं सोडा ताई, आमच्या म्हशींचं बघा. मागच्या उन्हाळ्यात एका म्हशीच्या खुरात गळ घुसला. डॉक्टर बोलवावा लागला. पुण्याची पोरं येत्यात, चटया टाकत्यात, गाणी लावत्यात, मासा घावला की फोटो, न घावला की बाटल्या. काठ कोणाच्या बापाचा नाही हे खरं हाय, पण पाणी उतरलं की आम्ही गाळपेर करतो. त्या गाळात हरभरा असतो, त्यातनं गाडी नेऊ नका.

आणि गाळावर विश्वास ठेवू नका. वरनं वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या असत्यात, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. जितराबं रुतून बसत्यात, ट्रॅक्टरनं काढावी लागत्यात. काठी टेकत टेकत जा, एकटे जाऊ नका, आणि रुतलात तर उभं राहून धडपड करू नका. आडवं व्हायचं आणि सरपटत मागं यायचं.

केबलचं लिहिलंत ते लई बरं केलं. केबल चोरीला जातात म्हणून आम्ही रात्री राखण करतो. पहाटे अंधारात डोक्याला बॅटरी लावून काठानं फिरणारा माणूस दिसला तर आम्हाला तो मासेवाला वाटत नाही. आधी आवाज द्या, गावात कोणाच्या तरी ओळखीनं या.

काठावरचा:

@बागायतदार_करमाळा, आवाज देण्याचा मुद्दा मीच लिहायला हवा होता, पण तुम्ही लिहिलात ते हजार पटीने वजनदार झालं. तंगूसासाठी मी प्लास्टिकची बरणी ठेवतो, तुटलेले तुकडे त्यात. कचऱ्यात टाकायचं झालं तरी बारीक तुकडे करूनच.

निर्मळ:

विरोधी सूर लावतो, रागावू नका. पोटासाठी मासे धरणारे समजू शकतो. पण सव्वातीन किलोचा मासा पंधरा मिनिटं दमवायचा आणि त्याला 'लढाई' म्हणायचं, यात दुसऱ्या बाजूला विचारलंय का कोणी? आणि परदेशात जसं पकडून सोडून देतात तसं करणं तरी जास्त सभ्य नाही का?

आन_आर्बर:

@निर्मळ, त्या परदेशातून लिहितोय. मिशिगनमध्ये १७ वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला परवाना काढावा लागतो. कोणता मासा किती लांबीचा झाला की ठेवायचा, दिवसाला किती, कोणत्या महिन्यात, सगळं लिहिलेलं. सोडून देण्याची पद्धत आहे, पण ती सभ्यतेपेक्षा साठा टिकवण्यासाठी जास्त आहे. आणि गंमत म्हणजे उजनीत ज्याच्यासाठी मामा पाण्यात उतरले तो सायप्रनस इथे कोणाला नको असतो. कॉमन कार्प म्हणजे इथे घाणेरडा, गढूळ करणारा, उपरा मासा. मी एकदा घरी नेऊन हळद-मीठ लावून तळला. शेजारी अजून तो किस्सा सांगतात.

मत्स्यजीवी:

उपरा तो उजनीतही आहे. सायप्रनसची आज आपल्याकडे जी जात पाळतात ती १९५७ मध्ये बँकॉकहून भारतात आली. चिलापी १९५२ मध्ये आली, प्रथिनांची स्वस्त सोय म्हणून. दोन्ही इतक्या रुळल्या की उजनीकाठच्या लहान मुलाला त्या इथल्याच वाटतात. म्हणून @निर्मळ, सोडून देण्याबद्दल माझं मत जातीवर अवलंबून आहे. चिलापी सोडू नका. ती तोंडात पिल्लं वाढवते, त्यामुळे जगण्याचं प्रमाण जबरदस्त, आणि तिच्या गर्दीत बाकीच्यांच्या अंड्यांना, पिल्लांना जागा उरत नाही. वाम, आहेर, शिंगाळा, मरळ या जुन्या जाती कमी झाल्यात. त्या लहान मिळाल्या तर ओल्या हाताने धरून सोडा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मग बुरशी धरते. शिंगाळ्याच्या छातीकडचे दोन आणि पाठीवरचा एक काटा सांभाळा, घुसला तर दिवसभर ठणकतो.

आणि आणखी एक. हल्ली गळाला किंवा जाळ्यात काळा, खरबरीत, चिलखत घातल्यासारखा मासा येतो, सकर किंवा हेलिकॉप्टर म्हणतात. काचेच्या टाकीतला शोभेचा मासा, कोणीतरी पाण्यात सोडलेला. तो काठाला बिळं करतो. मिळाला तर परत पाण्यात टाकू नका.

झाडीपट्टी:

भंडाऱ्याहून नमस्कार. आमच्याकडे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. पाळीवर बसून गळ टाकणं हे आमचं लहानपण. तुमच्या मामांसारखे आमच्या ढिवर समाजातले म्हातारे पाण्यातल्या वनस्पती बघून मासा सांगतात. काही गावांत बायकांच्या गटांनी तलावातलं बेशरम नावाचं तण उपटून पाण्यातल्या मूळच्या वनस्पती परत लावल्या. त्यानंतर देशी मासे परत यायला लागले.

मरळीबद्दल विनंती. पावसाळ्यात तांबड्या-नारिंगी बारीक पिल्लांचा झुबका पाण्याच्या वर उकळल्यागत दिसतो. त्याच्या खाली मायबाप राखण करत असतात. त्या झुबक्यात बेडूक किंवा रबरी बेडूक टाकला की मरळ हमखास झडप घालते. भुकेपोटी नाही जी, पिल्लांसाठी. असे व्हिडिओ टाकून लोकं शाबासकी घेतात. मरळ निघाली की तासाभरात पिल्लं दुसऱ्याच्या पोटात. आमच्या गावात असं कोणी केलं तर काठी हिसकून घेतात.

निर्मळ:

@झाडीपट्टी, हे मला ठाऊक नव्हतं. आणि @मत्स्यजीवी, जातीवर अवलंबून ही भूमिका पटते, अर्धी. 'लढाई' शब्दाबद्दलचा माझा आक्षेप राखून ठेवतो.

लिंबोणी:

आता माझा प्रांत. उजनीच्या माशाला मातकट वास येतो म्हणून आमच्याकडे घेत नाहीत. मामी काय करतात?

काठावरचा:

मामी चिलापी आधी चुलीतल्या राखेत घोळते, मग खवले काढते, त्यामुळे हात घसरत नाही. पोट साफ करून आतलं काळं अस्तर बोटाने पूर्ण खरवडायचं, तिचं म्हणणं वास तिथेच असतो. मग मीठ आणि चिंचेचा कोळ लावून तासभर ठेवायचं, धुऊन टाकायचं. पुढे काळा मसाला, लसूण-खोबऱ्याचं वाटण आणि पातळ कालवण, किंवा नुसतं ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर. त्या दिवशी सायप्रनसचं कालवण झालं आणि चिलापी तळली. सायप्रनसला मधले बारीक काटे फार, मुलांना देऊ नका.

मत्स्यजीवी:

चिंचेमागे रसायन आहे. तो मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, तो पाण्यातलं नील-हरित शेवाळ तयार करतं. आंबट लागलं की ते मोडतं. दही, लिंबू, कोकम काहीही चालेल. पण वास गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. पाण्यावर हिरव्या रंगाचा साका आला असेल, काठाला रंगासारखा थर साचला असेल, त्या दिवसांत मासा आणूच नका, आणि कधीही आणलात तरी काळीज, आतडी खाऊ नका. शेवाळाची विषं तिथे साठतात आणि ती शिजवून जात नाहीत.

गरवणारा:

परवानगीचं कोणी बोललं नाही. पोलीस, वनखातं, कोण विचारतं?

काठावरचा:

धरणातली मासेमारी ठेक्याने किंवा परवान्याने चालते, त्यामुळे काठावर गळ टाकायचा तरी तिथल्या मच्छीमार संस्थेला किंवा ठेकेदाराच्या माणसाला विचारून. आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही, पण विचारल्यावर चेहरा बदलतो, हे नक्की. त्यांचा राग आपल्यावर नसतोच, वडापवाल्यांवर असतो. वडाप म्हणजे इथे जीप नाही, ओढायचं जाळं. बारीक डोळ्याचं लांब जाळं ओढून बोटभर पिल्लंसुद्धा काढतात, सुकवून विकतात. त्यापुढे आपली एक काठी म्हणजे काहीच नाही. सुरुंग आणि विष तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी कुठेकुठे चालतंच.

आन_आर्बर:

होडी भाड्याने घेऊन आत जावं का? व्हिडिओत लोक जाताना दिसतात.

बागायतदार_करमाळा:

नको. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी होडी वादळात उलटली, सहा माणसं गेली. आम्ही रोज त्या पाण्याशेजारी राहणारी माणसं, तरी त्या दिवशी कोणाला कळलं नाही वारं कधी फिरलं. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर काठावरसुद्धा थांबू नका. विजा पडत्यात, आणि तुमच्या हातात तो करंटचा रॉड.

लिंबोणी:

बरं, आमचे हे धागा वाचून पेटलेत. पुढच्या रविवारी निघायचं म्हणतायत, सोबत आठ वर्षांची भाची. साहित्य किती घ्यावं?

काठावरचा:

रॉड-रीळ नको अजिबात. भाचीच्या दीडपट उंचीची वेळूची काठी, तेवढंच लांब तंगूस, दहा नंबरचे गळ (नंबर वाढला की गळ लहान, दुकानात उलटं मागू नका), चिपाड आणि शिसाचा गहू एवढा मणी. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका, म्हणजे बोटात गेला तरी सहज निघतो आणि मासाही लवकर सुटतो. गांडुळं शेणखताच्या ढिगाखाली मिळतील, डब्यात ओली माती घालून आणा, उन्हात ठेवू नका. तिला उथळाला बसवा, खळग्यांच्या कडेला. चिलापी लागेलच. मोठ्यांनी आपले रॉड त्या वेळी बाजूला ठेवावेत, मुलगी आणि पाणी यांच्याकडे बघावं.

बागायतदार_करमाळा:

पुढच्या रविवारी येऊ नका. कालव्याला आवर्तन सुटलंय, नदीलाही सोडणार म्हणत्यात. रोज काठ मागं जातोय, कडेला नुसता ओला गाळ.

काठावरचा:

पाणी उतरतं असताना मासा कडेला थांबतही नाही, आत जातो. @लिंबोणी, आवर्तन बंद होऊन चार-पाच दिवस गेले की इथेच लिहितो. मामाला टाकीची आणि लिंबाची रेघ परत एकदा बघून ठेवायला सांगतो. पाणी इतकं खाली गेलं तर विहीरच उघडी पडायची.

गरवणारा:

उघडी पडली तर फोटो टाका. आणि मामांना विचारा, आणखी विहिरी कुणाकुणाच्या होत्या.